चार घमेली आणि सलामीचं जेवण

१९७८ साल. मी एकेचाळीस वर्षांचा. वयाचा हिशेब आईचा. ती म्हणायची, पंचगंगेचं पाणी गल्लीपातूर आलतं त्या पावसाळ्यात तू झालास. पाणी बऱ्याचदा आलं असणार, तेव्हा एखादं वर्ष इकडंतिकडं धरा. शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांनी कान पिळला, मी त्यांचं मनगट धरलं, तिथं शाळा संपली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. मला मैदान येत होतं, आणि ते त्या मास्तरांना येत नव्हतं.

माझी नोकरी फुटबॉलच्या मैदानावरची. कागदावर हुद्दा ग्राउंडमन, गावात नाव फक्कीवाला. फक्की म्हणजे रेघा मारायची पांढरी पूड. लोकांना वाटतं, बादलीतनं पूड सांडत चाललं की झाली रेघ. करून बघा एकदा. वारा सुटला की तुमची रेघ गावभर. आधी दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, सुतळीच्या कडेनं पाण्याची बारीक धार, आणि ओल जिरायच्या आत फक्की. मधल्या गोलाला मैदानाच्या पोटात खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची आणि दोरी ताठ ठेवून आपण फिरायचं. दोरी ढिली पडली की गोलाचा भोपळा. माझ्या गोलाचा भोपळा कधी झाला नाही. बॉल रेघेच्या आत का बाहेर यावरनं आमच्याकडं डोकी फुटतात. रेघ सरळ ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं, ते मी केलं.

बाहेरच्या वाचकांना एक सांगायला पाहिजे. कोल्हापुरात फुटबॉल तालमी खेळतात. तालीम मूळची कुस्तीची जागा, पेठेपेठेत एक. मारुती तिथं, पीर तिथं, गणपती बसतो तिथं, भांडण मिटतं तिथं आणि सुरू होतं तेही तिथंच. आमच्याकडं पोराला आडनावाच्या आधी तालीम कळते.

त्यातल्या दोन तालमींची ही हकिकत. खरी नावं घालत नाही. तेव्हाची पोरं आता आजोबा झालीत, पण तापट अजून तेवढीच आहेत. एकीला वरली म्हणतो, दुसरीला खालली. मध्ये गल्ली, गल्लीत एक नळ, नळावर दोन्हीकडच्या घागरी. मी राहायला वरल्या अंगाला. माझी थोरली बहीण आक्का गल्लीपलीकडं, खालल्या अंगाला दिलेली. तिचा नवरा लवकर गेला. एकच पोरगा, सदा. त्याला मी बापाच्या जागी, असं लोक म्हणायचे. मी म्हणत नव्हतो, पण ऐकायला बरं वाटायचं. एकोणीस वर्षांचा, हात लांब, बोलायला कमी. सकाळपाळीला फौंड्रीत भट्टीपुढं, संध्याकाळी खालल्या तालमीचा गोलकीपर. वरल्या तालमीचा कॅप्टन तुका त्याच फौंड्रीत. दोघं एकाच सायकलवर जायचे, तुका पायडल मारायचा आणि सदा मागं उलटा तोंड करून बसायचा.

आता सलामी म्हणजे काय ते सांगतो. सोडत पूर्वी साधी होती. माझंच फक्कीचं घमेलं झाडून घ्यायचं, त्यात तालमींच्या चिठ्ठ्या, हात घालायचा, निघेल ती जोडी. हरला तो घरी. फक्त वरली आणि खालली यांच्या चिठ्ठ्या घमेल्यात पडत नव्हत्या. त्यांची मॅच ठरलेली, हंगामाची पहिली. तीच सलामी. शेजाऱ्यांनी आपली खुमखुमी आधी भागवून घ्यायची, मग बाकीच्या गावानं खेळायचं.

आणि सलामी झाली की त्याच संध्याकाळी जिंकलेल्यानं हरलेल्याला जेवण घालायचं. मटण, तांबडा, पांढरा. हरलेल्यानं यायचंच. जिंकलेल्या कॅप्टननं स्वतः पळी घेऊन वाढायचं. हरलेल्याला एक सूट होती, जेवणाला हवी तेवढी नावं ठेवायची. वाढणाऱ्यानं उलट बोलायचं नाही, मान खाली घालून वाढत राहायचं.

"मीठ कमी हाय!" पहिल्याच घासाला कुणीतरी ओरडायचा.

"गोल ढिगानं दिलासा, मीठ द्याला हात आखडला व्हय रं?"

"ह्यो रस्सा हाय का रंकाळ्याचं पाणी?"

कॅप्टन गप. पंगत हसून लोळायची. स्वयंपाक दरसाल बाबालालचा. तो वरल्या तालमीचा, पण जिंको कोणी, जेवण त्याच्याच हातचं. मीठ बरोबर आहे हे त्यालाही ठाऊक आणि खाणाऱ्यालाही. चुलीपुढनं तो पुटपुटायचा, "मीठ बराबर हाय, मुडद्यांनो. तुमची जीभ हरलीया." तिसऱ्या-चौथ्या भाकरीला माणसं निवायची. दुसऱ्या दिवशी नळावर बायका पुन्हा एकमेकींची घागर उचलून द्यायच्या.

त्या साली आमच्या फुटबॉल संघटनेचे सेक्रेटरी वकीलसाहेब आशियातल्या ज्युनिअर पोरांच्या स्पर्धेला भारताच्या संघाबरोबर बँकॉकला जाऊन आले. आल्यावर त्यांनी सगळ्या तालमींना मैदानावरच्या खोलीत बोलावलं. मला सांगितलं, एक नको, चार घमेली आण. मी आणली. धुऊन आणली.

वकीलसाहेब माणूस खरा. खेळासाठी स्वतःची वकिली बुडवलेला. त्यांनी खडू घेऊन भिंतीवर काढून दाखवलं.

"आशियात देश किती! सगळ्यांना एकदम बोलावलं तर महिनोनमहिने संपायचं नाही. म्हणून यजमान थेट आत, मागच्या खेपेचा विजेता थेट आत. बाकीच्यांनी आधी आपापल्या भागात खेळायचं. पूर्वेकडच्यांनी पूर्वेकडच्यांशी, आपण आपल्याकडच्यांशी. त्यातनं वर येईल तो पात्र. मग गट पाडायचे. पण सगळ्या चिठ्ठ्या एका भांड्यात नाही टाकत. तगडे संघ आधी बाजूला काढतात आणि एकेका गटाच्या डोक्यावर एकेक ठेवतात. मग दुसऱ्या भांड्यातनं मधले, तिसऱ्यातनं लहान, चौथ्यातनं नवखे. म्हणजे तगडा तगड्याला आधीच कापत नाही. याला सीडिंग म्हणायचं."

मला ते लगेच कळलं. कुस्तीच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती शेवटाला लावतात, ती आधी लावली तर माणसं फेटा झटकून घरी जातील. तेच हे.

"आता आपल्याकडं बघा," वकीलसाहेब म्हणाले. "कप कुणाकडं जातो? कधी वरली, कधी खालली. आणि आपण या दोघांना पहिल्याच दिवशी झुंजवतो. एक घरी जातो, आणि मग महिनाभर उरलेल्यांचा खेळ. यंदापासनं वरली तक्त्याच्या वर, खालली तक्त्याच्या खाली. भेटले तर फायनलला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागनं बाबालाल उठला.

"साहेब, मग जेवान कवा?"

सगळी खोली हसली. वकीलसाहेबही हसले. "फायनल झाल्यावर घाला की, बाबालाल!"

"फायनल झाल्यावर मिरवणूक असतीया. गुलालाच्या हातानं वाढायचं व्हय?"

पुन्हा हशा. बाबालाल बसला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सलामी मोडायची नाही, वाडवडलांपासनं आहे. माझ्या बोलण्यात शहाणपण काही नव्हतं. सलामीला जिंकलेली तालीम मला फेटा बांधायची, नारळ द्यायची. मला त्या फेट्याची पडली होती. तुकानं तिथल्या तिथं टोला हाणला, "फक्कीवाले मामा, फायनलला तुमास्नी दोन फेटे बांधतो. एक डोक्याला, एक घमेल्याला!"

मी आणखी बोलणार, तर सदा उठला. त्याला चारचौघांत बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"मामा, खाली बसा की. दोन सालं पहिल्याच दिवशी हरून घरात बसलोय. साहेब म्हणत्यात, फायनलला निवड करणारी माणसं येणार हायती. पोरांचा कॅम्प हाय, त्यातनं आशियाच्या स्पर्धेला नेणार. मला कुणी बघायचं असंल तर फायनलपातूर जाऊ द्या की."

मी बसलो. त्या दिवसापासनं मला फेट्याचं काही राहिलं नाही. सदाला कुणीतरी बघायला पाहिजे एवढंच राहिलं.

पात्रता फेरीचा पहिला फटका बसला हुपरीवाल्यांना. चांदीचं काम करणारी पोरं, दरसाल येष्टीनं येऊन थेट खेळायची आणि थेट हरायची. यंदा त्यांना आधी कुरुंदवाडशी खेळून पात्र व्हायला सांगितलं, तेही भर दुपारी, कारण संध्याकाळचं मैदान आतल्यांसाठी. हरली. त्यांचा कॅप्टन माझ्याजवळ येऊन उन्हात बसला. "पावणं," म्हणाला, "दरसाल तुमच्या मोठ्या तालमीकडनं मार खाऊन जातो, त्यात बी शान हुती. गावात सांगाया येत हुतं, अमक्याकडनं हरलो. आता काय सांगू, कुरुंदवाडकडनं हरलो? दारात उभं केलं न्हाई म्हणून सांगू?" मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार.

पण खेळ सुधारला, हे कबूल केलं पाहिजे. महिनाभर मैदान भरत होतं. वरली एका बाजूनं सगळ्यांना कापत आली, खालली दुसऱ्या बाजूनं. सदानं अशा काही उड्या मारल्या की परक्या पेठेची माणसं त्याच्या गोलामागं जागा धरून बसायची.

आणि महिनाभर गल्ली तापत गेली. पूर्वी ही आग पहिल्या दिवशी पेटायची आणि मटणाच्या रश्श्यात विझायची. यंदा रोज थोडं लाकूड पडत होतं. आधी भिंतीवर लिहिणं झालं. मग नळावर वेळा वाटून घेतल्या, वरल्या बायका आधी, खालल्या मागनं. आक्का मला म्हणाली, "गल्ली ओलांडून येत जाऊ नगंस, लोक बघत्यात." मी आलोच. बहिणीकडं जायला मी कुणाची चिठ्ठी काढणार? एक दिवस बघितलं तर तुका सायकलवर एकटा चाललेला, मागचं कॅरेज रिकामं. सदा पाठीमागनं चालत.

"काय झालं रं?" सदाला विचारलं.

"कायबी न्हाई, मामा. फायनल झाली की बसतो पुन्हा. आता बसलो तर तालमीतली पोरं मला फितूर म्हणत्यात, त्याला बी म्हणत्यात."

फायनलच्या दिवशी मी पहाटेपासनं मैदानात. दोनदा पाणी मारलं, जाळ्या नव्या सुतळीनं ओवल्या, रेघा मारल्या. आयुष्यात तेवढ्या सरळ रेघा मी मारल्या नव्हत्या. दुपारी माणसांनी भिंती, झाडं, पत्रे काही सोडलं नाही. निवड करणारी माणसं वकीलसाहेबांशेजारी खुर्च्यांवर बसली.

सदा त्या दिवशी जे खेळला ते मला लिहिता येत नाही. तुकाचे तीन बॉल त्यानं असे काढले की तुकानंच डोक्याला हात लावला. शेवटाला कोपऱ्यातनं बॉल आला, कुणाच्या तरी डोक्याला लागला, सदा झेपावला आणि त्यानं तो खांबाशी दाबला. वरली ओरडली, गोल! खालली ओरडली, नाही! पंच लांब होता. तो धावत आला आणि बॉलकडं न बघता सदाकडं बघायला लागला. मी गोलाच्या मागंच बसलेलो. बॉल रेघेच्या आत गेलता. माझी फक्की बॉलच्या पलीकडं दिसत होती, स्वच्छ.

सदानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि हात वर केला. "गोल हाय," म्हणाला.

त्या एका गोलानं खालली हरली. त्याच्याच तालमीची माणसं कुंपणावरनं त्याच्या अंगावर थुंकली. मी जाळी सोडवत होतो, तिथं तो आला. तोंड घामानं निथळत होतं.

"कशाला बोललास रं?" मी म्हणालो.

"तुमच्या रेघेवर खोटं कसं बोलू?" मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, बोलावलंय. कॅम्पला. साहेबांनी हात धरून सांगितलं. आईला मी सांगणार, तुमी सांगू नगा."

एवढंच आमचं बोलणं झालं. मला जाळ्या उतरवायच्या होत्या, खुंट्या गोळा करायच्या होत्या. तो पुढं गेला.

वरल्या तालमीची मिरवणूक हलगी लावून निघाली. देवळाकडं जायचा रस्ता गल्लीतनं, खालल्या तालमीच्या दारावरनं. दुसऱ्या रस्त्यानं जा असं पोलीस म्हणाले. जिंकलेली माणसं दुसऱ्या रस्त्यानं जातात होय? मी मैदानाचं कुलूप लावून गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा गुलालाचा धुरळा उठलेला आणि दोन्हीकडनं शिव्या चाललेल्या. खालल्या तालमीच्या दारात सदा उभा. दोन्ही हात आडवे पसरलेले, गोलात उभा राहायचा तसाच, फक्त तोंड उलटीकडं, आपल्याच पोरांकडं. "जाऊ द्या त्यास्नी," ओरडत होता. "उद्या बघू. जाऊ द्या."

सोड्याची बाटली फुटली. मग दगड. सदा बसला. मला वाटलं, वाकला. त्याच्या डोक्यावर, खांद्यावर गुलाल एवढा पडलेला की रक्त कुणाला कळलंच नाही. हलगी वाजतच होती. पहिला तुका आला. त्यानं सदाचं डोकं उचललं, हाताकडं बघितलं आणि हलगीवाल्याच्या अंगावर असा ओरडला की गल्ली एकदम गप झाली.

दवाखान्यात नेईपर्यंत दिवेलागण झाली. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तुकाला विचारलं, तुम्ही भाऊ का? तुकानं माझ्याकडं बोट केलं. मी म्हणालो, मामा मी.

दगड वरल्यांचा का खालल्यांचा, आजपर्यंत कुणाला कळलं नाही. तो समोरनं आला का पाठीमागनं, यावर माणसं अजून वाद घालतात. पोलिसांनी दोन्हीकडची पोरं उचलली, कळंब्याच्या तुरुंगात ठेवली, पुराव्याअभावी सोडली. वकीलसाहेबांनी सेक्रेटरीचं काम सोडलं आणि परत मैदानाची पायरी चढले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. पद्धत चुकीची नव्हती. आशियात तीच चालते, जगात तीच चालते, पुढं आमच्याकडंही तीच चालू राहिली आणि नोकरी असेपर्यंत ती चार घमेली मीच धुऊन दिली. पण बँकॉकात हरलेला संघ विमानात बसतो आणि आपल्या देशी जातो. आमचा हरलेला समोरच्या दारात बसतो. ही एक गोष्ट कुठल्या घमेल्यात घालायची ते कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

सदाला त्याच रात्री पंचगंगेच्या घाटावर पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून वरल्या तालमीत गेलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. बाहेरनं कुणीतरी जेवण न्यायचं असतं, त्याला आमच्यात कडू घास म्हणतात. आपण बाबालालला पिठलं टाकायला सांगावं असं माझ्या मनात होतं. जाऊन बघतो तर बाबालालची चूल पेटलेली. पातेल्यात पिठलं रटरटतंय, पलीकडं तीन-चार बायका भाकरी थापतायत.

"तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो.

"जिकलेल्यानं जेवान घालायचं असतंय," बाबालाल म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

तुका भिंतीला टेकून बसलेला. कानामागं गुलाल तसाच. बाकीची पोरं कोपऱ्यात. पातेलं उतरलं तरी एकही जागचा हलला नाही.

"ऊठ," मी तुकाला म्हणालो. "पातेल्याचा एक कान तू धर, एक मी धरतो."

"मामा, मारतील मला."

"मारतील तर मार खा. पळी घे."

आम्ही गल्ली ओलांडली. खालल्या तालमीची पोरं दारात उभी होती, एकाच्या हातात हॉकी स्टिक. पातेलं बघितलं आणि त्यांनी वाट दिली. नळावर पाणी आलेलं, पण घागर एकही नव्हती.

आक्का आत भिंतीशी बसलेली. मी ताट मांडलं. तिनं तुकाकडं बघितलं. तुका उभाच.

"वाढ," आक्का म्हणाली.

त्यानं भाकरी ठेवली, पळीनं पिठलं वाढलं. आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला. चावला. गिळला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

तुकानं मान खाली घातली आणि आणखी एक पळी वाढली.

मी उठलो, आत गेलो, विझलेल्या चुलीशेजारचं मिठाचं मडकं उघडलं आणि चिमूटभर मीठ आणून तिच्या ताटाच्या कडेला ठेवलं.